उभं शेपूट, आडवे कान : मांजरांच्या आपसांतल्या वागण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मांजरं एकमेकांशी कशी वागतात, याबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मनी आणि सोनी सख्ख्या बहिणी, दीड वर्षाच्या, कायम एकमेकींच्या अंगावर झोपणाऱ्या. चार दिवसांपूर्वी सोनीची नसबंदी करून आणली. पिंजरा उघडल्याबरोबर मनी तिच्यावर फिस्कारली आणि तेव्हापासून तिला जवळ येऊ देत नाही. दोघींना समोरासमोर धरून शांत करायचा प्रयत्न केला, तर आमचेच हात बोचकारले. आता या कायमच्या वैरिणी झाल्या का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मनीने सोनीला ओळखलेलंच नाही. मांजर ओळख पटवतं ते नाकाने. गाल, हनुवटी, ओठांचे कोपरे, कपाळ, शेपटाचं मूळ आणि पंजाची बोटं या सगळ्या ठिकाणी वासाच्या ग्रंथी असतात. एकत्र राहणारी मांजरं दिवसभर एकमेकांच्या अंगाला अंग घासतात, डोकं-मान चाटतात आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो वास अंगावर असला की आपलं, नसला की परकं. सोनी घरी आली ती स्पिरिटचा, दवाखान्यातल्या कुत्र्यांचा आणि भुलीच्या औषधाचा वास घेऊन. चालही अडखळती, बाहुल्या मोठ्या झालेल्या. मनीच्या दृष्टीने दारातून एक अनोळखी मांजर आत आलं.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे. सोनीच्या गळ्यात टाके चाटू नयेत म्हणून कॉलर असणार. ती असेपर्यंत सोनीला अंग चाटता येत नाही, म्हणून तिचा स्वतःचा वास परत यायला उशीर लागतो. शिवाय कॉलरमुळे कान आणि मिश्या झाकल्या जातात आणि चेहऱ्यावरून जे काही कळू शकलं असतं तेही मनीला कळत नाही.

आजच दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. सोनीच्या खोलीत पाणी, जेवण, लिटर ट्रे (शी-शूची पेटी) आणि तिने घरी वापरलेलं, न धुतलेलं अंथरूण हवं. मऊ सुती कापड घ्या, जुन्या साडीचा तुकडा उत्तम. मनीचे गाल आणि हनुवटी त्याने हलक्या हाताने पुसा आणि तेच कापड सोनीच्या खांद्यांवरून, पाठीवरून फिरवा. टाक्यांच्या जवळ नेऊ नका. दुसऱ्या कापडाने उलट दिशेने तेच करा, पण सोनीच्या वासाचं कापड मनीच्या अंगाला न लावता तिच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवा. कापड हुंगून ती जेवायला लागली तर पुढच्या वेळी वीतभर जवळ सरकवा. कापडावरच फिस्कारली तर मागे न्या. दिवसातून दोनदा एवढं पुरतं. कापडाशेजारी निवांत जेवण होऊ लागलं की दोघींच्या ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवा, मग दार चार बोटं उघडं ठेवून, आणि मग एका खोलीत दोन टोकांना. काही जोड्यांचं दोन दिवसांत जमतं, काहींना दोन-तीन आठवडे लागतात.

हात धरून समोरासमोर आणणं ही या प्रसंगातली सर्वांत महागात पडणारी चूक. पळायची वाट बंद झालेलं मांजर हल्लाच करतं, आणि त्या झटापटीची आठवण नंतर वासाला चिकटून बसते. फिस्कारल्याबद्दल मनीला रागावूही नका. 'लांब राहा' एवढाच फिस्कारण्याचा अर्थ असतो. समोरच्याने ऐकलं तर मारामारी टळते, म्हणजे ती भांडण टाळायचीच सूचना आहे. वास घालवायला सोनीला आंघोळ घालू नका, पावडर लावू नका, त्याने तिचा उरलासुरला वासही जाईल.

पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना पिंजऱ्यात दोघींच्या झोपण्याची चादर घाला आणि परत आणल्यावर पहिली रात्र न विचारता वेगळी ठेवा. तीन आठवड्यांनीही फरक पडला नाही, तर कुणा एकीला दुखत तर नाही ना, हे तपासून घ्या. दुखणारं मांजर कुणालाच जवळ येऊ देत नाही.

प्रश्न : आमचं मांजर माझ्याशी दिवसभर म्याव म्याव करतं, पण घरातल्या दुसऱ्या मांजराशी कधीच नाही. ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बोलतात, पण म्याव करून नाही. म्याव ही पिल्लाने आईला घातलेली साद. वाढलेली मांजरं एकमेकांशी बोलताना ती जवळपास सोडून देतात आणि माणसांसाठी राखून ठेवतात, कारण माणसाला शेपटाची भाषा कळत नाही, आवाज मात्र कळतो. संशोधिका मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ मध्ये मांजरांच्या आवाजांची वर्गवारी तोंडाच्या स्थितीवरून केली आणि ती आजही कामाची आहे. तोंड मिटून काढलेले आवाज म्हणजे घुरघुर आणि जीभ थरथरवत काढलेली ती छोटी 'प्र्रू'. तोंड उघडून हळूहळू मिटताना निघतं ते म्याव. तोंड ताणून उघडं धरलं की निघतात फिस्कार, गुरगुर आणि रात्री गच्चीवर ऐकू येणारे ते लांब हेल. तुमची दोघं एकमेकांना भेटताना 'प्र्रू' करतात का ते ऐका. तोच त्यांचा रामराम.

घुरघुरीबद्दल एक सांगायला हवं. घुरघुरणारं मांजर खूश असेलच असं नाही. जखमी, आजारी, प्रसूत होत असलेली मांजरंही घुरघुरतात. जेवण सोडून कोपऱ्यात बसलेलं मांजर घुरघुरत असेल, तर त्याला बरं वाटतंय असं धरून चालू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या मासळी बाजारामागे आठ-दहा मांजरं एकत्र राहतात. दोन भाट्यांची, म्हणजे मादी मांजरांची, पिल्लं एकाच खोक्यात आहेत आणि दोघी कुणाचीही पिल्लं पाजतात. मांजर एकलकोंडं असतं असं ऐकलं होतं. मग हे कसं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही पाहताय ते मांजरांच्या समाजजीवनाचं सर्वांत अस्सल रूप. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, आणि ते खरोखर एकटं राहतं. एक उंदीर म्हणजे एका मांजराचा घास, तो वाटून खाता येत नाही, म्हणून शिकारही एकट्याची. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, तिथे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. एकाच जागी भरपूर खाणं मिळू लागल्यावर एकट्याने राहायची गरज उरली नाही. गोठा, बंदर, मासळी बाजार, हॉटेलची मागची बाजू, जिथे खाण्याचा ढीग तिथे मांजरांचा घोळका. खाणं विखुरलेलं असेल तिथे मांजरं आजही एकेकटीच राहतात.

या घोळक्याचा कणा म्हणजे नात्यातल्या भाट्या : आई, मुली, मावश्या. त्या पिल्लं एकत्र ठेवतात, एकमेकींची पाजतात, एक शिकारीला गेली तर दुसरी राखण करते. परक्या भाटीला मात्र त्या सहसा जवळ येऊ देत नाहीत. बोके काठावर असतात. एका बोक्याच्या फिरण्याच्या टापूत असे दोन-तीन घोळके असू शकतात.

संध्याकाळी जाळी उतरायच्या वेळी थोडं लांब उभं राहून पाहा. एखादी भाटी येताना शेपूट सरळ वर उभं करते, फक्त टोक जरासं वाकलेलं. समोरचीनेही शेपूट उभं केलं की दोघी जवळ येतात, नाकाला नाक लावतात, मग कपाळाने कपाळ, गालाने गाल, आणि शेवटी कुशीला कूस घासत एकमेकींच्या शेपटांना शेपूट गुंडाळत पुढे जातात. बहुतेक वेळा लहान किंवा दुबळं मांजर आधी शेपूट उभं करतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात १९९०च्या दशकात मांजराच्या आकाराचे कागदी पुतळे दाखवून हे तपासलं गेलं. शेपूट उभं असलेला पुतळा पाहून घरातली मांजरंही शेपूट उभं करून पुढे आली, शेपूट खाली असलेल्या पुतळ्याकडे संशयाने पाहत राहिली. रानमांजरांत मोठेपणी ही खूण दिसत नाही, फक्त पिल्लं आईपुढे शेपूट उभं करतात. म्हणजे एकत्र राहायची वेळ आली तेव्हा पाळीव मांजराने बालपणीची खूण मोठेपणी वापरायला घेतली. आम्हाला मांजरांच्या साऱ्या भाषेत ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

एक विनंती. खोका हलवू नका आणि पिल्लं 'ज्याच्या त्याच्या आईकडे' वेगळी करू नका. खायला घालत असाल तर एका मोठ्या थाळीऐवजी लहान लहान ताटल्या दोन-दोन हातांच्या अंतरावर मांडा, म्हणजे दबलेल्या मांजरालाही पोटभर मिळतं. आणि भाट्यांच्या नसबंदीची सोय बघा. मांजरीचा गाभणकाळ फक्त ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि पिल्लं पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. एका खोक्यात दाटीवाटीने वाढणाऱ्या पिल्लांत सर्दी-ताप आणि जीवघेणे जुलाब झपाट्याने पसरतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन नर आहेत, दोघांचीही नसबंदी झालेली. मारामारी कधीच नाही. पण धाकटा हल्ली पलंगावर मुततो. लिटर ट्रे स्वच्छ असतो. हा खोडसाळपणा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खोडसाळपणा नक्कीच नाही, आणि सगळ्यात आधी लघवी तपासून घ्या. धाकटा पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, थेंबथेंबच होत असेल किंवा काहीच होत नसेल, तर हे उत्तर वाचणं थांबवून त्याला दवाखान्यात न्या. नर मांजराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो अडला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, ती मांजराला मारते.

दुखणं नसेल तर घराकडे नीट पाहा. 'मारामारी कधीच नाही' हे पुष्कळ घरांतून ऐकू येतं, कारण मांजरांची दादागिरी आवाज न करता चालते. थोरला ट्रेकडे जाणाऱ्या बोळात आडवा पसरून बसतो का? धाकट्याकडे पापणी न लववता बघत राहतो का? धाकटा खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थबकतो का, भिंतीकडेने जातो का? आपल्याला मांजर ऐसपैस लोळलेलं दिसतं, धाकट्याला नाकाबंदी दिसते. जवळजवळ जेवतात हा मैत्रीचा पुरावा नव्हे. ताटल्या आपण शेजारी मांडल्या म्हणून ती भुकेपोटी शेजारी उभी राहतात. एकमेकांना चाटणं, अंग घासणं, अंगाला अंग लावून झोपणं यांपैकी काही दिसत असेल तरच ती दोघं एका घोळक्यातली. नाहीतर एका फ्लॅटमध्ये दोन बिऱ्हाडं राहतात असं समजा आणि दोन बिऱ्हाडांची सोय करा.

दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशोबाने एकच. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटाच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी, बाजारातले बहुतेक त्याहून लहान असतात. त्यापेक्षा रुंद प्लास्टिकची घमेली किंवा साठवणीच्या पेटीचं एक अंग कापून घेतलेलं बरं. ट्रे कोपऱ्यात कोंबू नका, आत बसलेल्याला दोन बाजूंनी निसटता आलं पाहिजे. झाकणवाले ट्रे अशा घरात नकोतच. पाणी आणि जेवण दोन जागी, एकाला दुसरा दिसणार नाही असं. आणि उंची द्या : कपाटाच्या माथ्यावर, फळीवर, माळ्याच्या तोंडाशी एकेक अंथरूण. जमिनीवर जागा नसली तरी मांजरं उंचीने आणि वेळेने घर वाटून घेतात. सकाळी खिडकी एकाची, दुपारी दुसऱ्याची.

भांडणानंतर पुन्हा गोडी करायची रीत मांजरांत जवळपास नाहीच. त्यांचा तोडगा म्हणजे लांब राहणं. तेवढं अंतर घरात मिळालं की निम्मं काम होतं.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो. रोज पहाटे एक दांडगा बोका खिडकीशी येतो, भिंतीवर फवारा मारतो. आमची एक मांजरी चवताळून घरातल्याच दुसऱ्या मांजरीवर तुटून पडते, काल माझ्या पायाला चावली. जागा फिनाइलने धुतो, तरी तो येतोच.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी तुमच्या पायाचं. चावा साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचा असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारायचं असतं. गेला नसाल तर आज जा. मांजराचे सुळे बारीक पण खोल जातात, वरून जखम मिटते आणि आत पू होतो.

दुसरं, फिनाइल आजपासून बंद. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. लाळ गळणं, उलट्या, थरथर ही लक्षणं. डेटॉलचंही तेच. अमोनिया असलेले क्लीनर तर उलट काम करतात, मुताच्या वासाशी मिळताजुळता वास देऊन बोक्याला पुन्हा बोलावतात.

बोक्याच्या मुतात फेलिनीन नावाचं द्रव्य असतं. ते हवेत हळूहळू फुटत जातं, म्हणून वास दुसऱ्या दिवशी अधिकच उग्र होतो. धुण्याची रीत अशी : लिटरभर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर (पाकिटावर बघून घ्या), त्याने जागा चांगली ओली करून घासा. मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर सर्जिकल स्पिरिट लावून पुसा, मांजरींना ते उडेपर्यंत लांब ठेवून. रंगाच्या भिंतीवर आधी कोपऱ्यात करून पाहा.

तुमच्या मांजरीचा राग बोक्यावर आहे. तो काचेपलीकडे आहे म्हणून हाताशी येईल त्याच्यावर निघतो. खिडकीच्या खालच्या दीड-दोन फुटांना दुधी फिल्म किंवा बटर पेपर लावा. पहाटे दोघी मांजरी वेगळ्या खोल्यांत असू द्या. शेपूट फेंदारलेलं, कान आडवे चपटे, बाहुल्या मोठ्या असं रूप दिसलं की हात लावू नका, उचलू नका, समजावू नका. अंधाऱ्या, शांत खोलीत एकटी सोडा. हा भर काही मिनिटांत उतरतो असं नाही, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. झटापट सोडवायचीच असेल तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा घाला.

आणि मूळ उपाय बोक्याची नसबंदी. स्थानिक प्राणिमित्र संस्थेला कळवा. शस्त्रक्रिया झालेल्या मोकाट मांजराच्या कानाचं टोक ओळखीसाठी सरळ कापलेलं असतं, तुमच्या बोक्याचे कान आधी बघा. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं फवारे मारणं थांबतं, साधारण दहांतला एक चालू ठेवतो. फरक दिसायला काही आठवडे द्या.

प्रश्न : खेळतायत की भांडतायत, कसं ओळखायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कान देऊन. खेळ बहुतांशी मुका असतो. पाळीपाळीने वर-खाली होतात, नखं आत असतात, मध्येच थांबून एखादं अंग चाटतं आणि पुन्हा येतं. गुरगुर, हेल, किंकाळी, उडालेले केसांचे पुंजके, किंवा एकच जण सारखा पाठलाग करतोय आणि दुसरा सारखा लपतोय, असं असेल तर तो खेळ नाही. शंका असेल तर मध्ये पुठ्ठा धरून दोघांना अर्धा मिनिट वेगळं करा. खेळ असेल तर दबलेलं मांजर स्वतःहून परत येईल.

प्रश्न : सहा वर्षांच्या मांजरीला सोबत म्हणून पिल्लू आणायचं आहे. एक महिन्याचं मिळतंय. आणू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एक महिन्याचं आणू नका. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू कुणाला आपलं म्हणायचं ते शिकतं, आणि नखं आत ठेवून खेळणं, चावा हलका ठेवणं हे पुढे आई-भावंडांच्या थपडा खात खात पक्कं होतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेली पिल्लं मोठेपणी जास्त आक्रमक होतात. बारा आठवड्यांचं झाल्यावर आणा, पहिली लस दिलेलं.

मग 'आपसांत बघून घेतील' म्हणून सोडू नका. पहिला आठवडा पिल्लू एका खोलीत. मांजरीला फक्त दाराच्या फटीतून वास. दोघांची अंथरुणं रोज अदलाबदल करा. दिवसाआड मांजरीला रिकाम्या खोलीत हुंगून येऊ द्या, तेवढा वेळ पिल्लाने बाकी घर बघावं. मग पुण्याच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे दाराच्या दोन बाजूंना जेवण. पहिली नजरभेट जाळीच्या दारातून, दोन-तीन मिनिटं, दोघांसमोर आवडीचा खाऊ, आणि सगळं सुरळीत असतानाच भेट संपवायची. बहुतेक घरांत चुकतं ते इथे : पाच मिनिटं छान गेली म्हणून तासभर ठेवतात आणि विसाव्या मिनिटाला पंजा बसतो.

मांजरीने एकदोनदा फिस्कारून पिल्लाला हटकलं तर चालेल, पिल्लाला तेवढी शिस्त कळते. ती जेवणच सोडत असेल किंवा कपाटाखालून बाहेर येत नसेल, तर एक पायरी मागे जा. आणि पत्र वाचून एक विचारावंसं वाटतं : सोबत कुणाला हवी आहे? सहा वर्षं एकटी, निवांत राहिलेल्या मांजरीला ती वाटत असेलच असं नाही. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून तिच्याशी खेळून पाहा. तेवढ्याने ती खुलली तर पिल्लू आणायची घाई करू नका.